चलच्चित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या स्थानिक सभा

चलच्चित्र व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या स्थानिक सभा : चलच्चित्रण, दूरचित्रवाणी, नभोवाणी व ध्वनिमुद्रण या क्षेत्रांतील अभियंते व तंत्रज्ञ एखाद्या शहरापुरत्या वा प्रदेशापुरत्या ठराविक काळाने ज्या व्यावसायिक सभा भरवितात, त्यांचा समावेश या संज्ञेत होतो. बहुधा एखाद्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक विभागामार्फत त्या भरतात. व्याख्यान, उपकरणांचे प्रात्यक्षिक, प्रसारण केंद्रास किंवा प्रयोगशाळेस भेट आणि प्रस्तावित मानकांवरील चर्चा हे त्यांचे प्रमुख कार्यक्रम होत. वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती यांसाठी झटणाऱ्या व्यवसायसंघटनांहून या सभा भिन्न आहेत. तसेच विक्रीच्या हेतूने भरणाऱ्या प्रदर्शनांहूनही त्या वेगळ्या आहेत.

अभियांत्रिकीच्या इतर शाखांतही स्थानिक सभा भरतात. परंतु चलच्चित्र व दूरचित्रवाणी या क्षेत्रांत त्यांना विशेष महत्त्व आले, याचे कारण या क्षेत्राच्या स्वरूपातच आहे. पूल जेथे बांधला तेथेच उभा राहतो. चित्राचे तसे नाही. एका उत्पादकाच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र दुसऱ्याच्या यंत्रावर संस्कारित होते आणि तिसऱ्याच्या प्रक्षेपकावर, निर्मात्याने कधीही न पाहिलेल्या गावी, दाखविले जाते. या साखळीतील प्रत्येक दुव्याची मापे एकमेकांशी जुळली, तरच चित्र पडद्यावर नीट उमटते. ही मापे ठरविण्याचे काम समित्या करतात. पण ठरलेले माप शेकडो तंत्रज्ञांनी सारख्याच अर्थाने समजून घेऊन सारखेच वापरले, तरच त्याला मानकाचे स्वरूप येते. हा अर्थ एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे प्रमुख ठिकाण म्हणजे स्थानिक सभा होय.

पूर्वपीठिका : चलच्चित्रपटाच्या प्रसारास १८९० नंतरच्या दशकात सुरुवात झाली, तेव्हा फिल्मच्या रुंदीविषयी व तिच्या कडांवरील छिद्रांविषयी एकवाक्यता नव्हती. टॉमस आल्वा एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम केनेडी लॉरी डिक्सन यांनी ३५ मिमी. रुंदीची व दर चौकटीमागे प्रत्येक कडेस चार छिद्रे असलेली फिल्म वापरात आणली. फ्रान्समधील ल्यूम्येअर बंधूंची फिल्म जवळजवळ तेवढ्याच रुंदीची होती. पण तीत दर चौकटीमागे प्रत्येक कडेस एकच गोल छिद्र असे. अमेरिकेतील बायोग्राफ कंपनीची फिल्म सु. ६८ मिमी., तर फ्रान्समधील गोमाँ कंपनीची ६० मिमी. रुंद होती. परिणामी एका कंपनीचा चित्रपट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर दाखविता येत नसे आणि खेळ करणाऱ्यास चित्रपटाबरोबर यंत्रही त्याच कंपनीकडून घ्यावे लागे. पॅरिस येथे १९०९ मध्ये भरलेल्या चित्रपट उत्पादकांच्या परिषदेने ३५ मिमी. रुंदीस मान्यता दिली. तथापि छिद्रांची मापे, चित्रणाचा वेग, प्रक्षेपकातील चौकटीचे आकारमान इ. बाबतींतील विसंगती राहिलीच.

या परिस्थितीत चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स (१८६७–१९३४) या अमेरिकन संशोधकांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये वॉशिंग्टन येथे ‘सोसायटी ऑफ मोशन पिक्चर एंजिनिअर्स’ ही संस्था स्थापन झाली. प्रारंभीच्या प्रक्षेपकांपैकी एक जेंकिन्स यांनी टॉमस आर्मट यांच्या साहाय्याने तयार केला होता. पुढे १९२५ मध्ये त्यांनी यांत्रिक पद्धतीच्या दूरचित्रवाणीचेही प्रात्यक्षिक दाखविले. व्यापारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी एका मेजाभोवती बसून मापे ठरवावीत, ही कल्पना संस्थेच्या मुळाशी होती. संस्थेच्या सभांत वाचले गेलेले निबंध सुरुवातीपासून छापले जात. त्या प्रकाशनाला १९३० मध्ये नियतकालिकाचे रूप आले. दूरचित्रवाणीचा विस्तार झाल्यावर १९५० मध्ये संस्थेच्या नावात ‘टेलिव्हिजन’ हा शब्द घालण्यात आला आणि तेव्हापासून ती एसएमपीटीई या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे मुख्य कार्यालय न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स येथे आहे. [→ चलच्चित्रपट, दूरचित्रवाणी].

स्थानिक विभागांचा उदय : आरंभी संस्थेची सभा वर्षातून दोनदा निरनिराळ्या शहरी भरत असे. चित्रपटाला ध्वनीची जोड मिळू लागली तेव्हा हे अंतर फार मोठे ठरले. मूकपटाच्या काळात चित्रणाचा सर्वसाधारण वेग दर सेकंदास १६ चौकटी, म्हणजे मिनिटास ६० फूट (सु. १८.३ मी.) फिल्म असा धरला जाई, परंतु कॅमेरा हाताने फिरविला जात असल्याने आणि प्रक्षेपक चालविणारा आपल्या सोयीने वेग वाढवीत असल्याने प्रत्यक्षात तो स्थिर नसे. डोळ्यांना हा फरक चालत असे. कानाला तो चालेना. वेग किंचित बदलला तरी स्वर चढतो वा उतरतो. त्यामुळे दर सेकंदास २४ चौकटी, म्हणजे मिनिटास ९० फूट (सु. २७.४ मी.) हा वेग रूढ झाला आणि तो अचूक राखणे प्रत्येक चित्रपटगृहास भाग पडले. विद्युत् वर्धक, ध्वनिक्षेपक, प्रकाशविद्युत् घट यांच्याशी तोवर संबंध न आलेल्या तंत्रज्ञांना थोड्या काळात नवे शास्त्र शिकावे लागले. सहा महिन्यांनी दूरच्या शहरी भरणाऱ्या परिषदेची वाट पाहणे त्यांना शक्य नव्हते.

याच सुमारास न्यूयॉर्क, शिकागो व पॅसिफिक किनारा (म्हणजे मुख्यतः हॉलिवुड) येथे संस्थेचे स्थानिक विभाग कार्य करू लागले. लंडन येथेही संस्थेची शाखा निघाली होती. तिच्यातून १९३१ मध्ये ‘ब्रिटिश किनेमॅटोग्राफ सोसायटी’ ही स्वतंत्र संस्था उदयास आली. एका संस्थेचा स्थानिक विभाग पुढे स्वतंत्र राष्ट्रीय संस्था बनल्याचे हे उदाहरण होय. कालांतराने रॉचेस्टर, टोराँटो, माँट्रिऑल इ. शहरांत आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांत एसएमपीटीईचे विभाग सुरू झाले. विभागाचे स्वरूप तेथील उद्योगानुसार ठरते. फिल्मनिर्मितीचे केंद्र असलेल्या रॉचेस्टर येथे फिल्मच्या रसायनांवर, हॉलिवुड येथे छायाचित्रण व ध्वनी यांवर, तर प्रसारण कंपन्यांची मुख्यालये असलेल्या न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीच्या तंत्रावर अधिक भर असणे स्वाभाविक होते.

सभेचे स्वरूप : विभागाचा कारभार सभासदांतून निवडलेले अध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष व व्यवस्थापक मंडळ पाहते. हे सर्व आपापल्या नोकऱ्या सांभाळून विनावेतन काम करतात. सभा साधारणपणे महिन्यातून एकदा, कामाचा दिवस संपल्यावर सायंकाळी भरते. तिच्यासाठी स्वतंत्र सभागृह असतेच असे नाही. एखादे दूरचित्रवाणी केंद्र, ध्वनिमुद्रणालय, फिल्म प्रयोगशाळा, विद्यापीठातील वर्ग वा उपकरणे पुरविणाऱ्या कंपनीचे दालन ही तिची नेहमीची ठिकाणे होत. प्रथम चहापान व अनौपचारिक गप्पा, नंतर एखाद-दोन व्याख्याने, प्रश्नोत्तरे व अखेरीस यंत्रसामग्रीची पाहणी असा क्रम सामान्यतः असतो. अनेक ठिकाणी सभासद नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या शाखा असतात.

व्याख्यानाचे विषय प्रायः तीन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात नव्याने मान्य झालेल्या किंवा विचाराधीन असलेल्या मानकाचे स्पष्टीकरण येते. दुसऱ्यात एखादे काम प्रत्यक्षात कसे पार पडले याचा वृत्तांत येतो. उदा., नव्या प्रसारण केंद्राची उभारणी, क्रीडासामन्याचे चित्रण, जुन्या चित्रपटाची पुनःस्थापना. तिसऱ्यात उपकरणाचा उत्पादक आपल्या उत्पादनामागील तत्त्व सांगतो. अनुभवी सभासद दुसऱ्या प्रकारास विशेष महत्त्व देतात. कारण माहितीपुस्तिकेत यंत्र कसे चालावे हे लिहिलेले असते, ते कोठे व का अडले हे लिहिलेले नसते.

अशा ज्ञानाचे एक उदाहरण फिल्मच्या छिद्रांतील अंतराचे देता येईल. ३५ मिमी. पॉझिटिव्ह फिल्मवरील दोन लगतच्या छिद्रांमधील अंतर ०.१८७० इंच (सु. ४.७५ मिमी.), तर निगेटिव्ह फिल्मवरील अंतर ०.१८६६ इंच (सु. ४.७४ मिमी.) असते. प्रती काढण्याच्या यंत्रात या दोन फिल्मी एकमेकींवर बसून एकाच दातेरी चाकावरून जातात. आतील बाजूस असलेल्या निगेटिव्हला बाहेरील पॉझिटिव्हपेक्षा किंचित लहान वळण पार करावे लागते. म्हणून तिच्या छिद्रांतील अंतरही किंचित कमी असावे लागते. जुन्या नायट्रेट फिल्मच्या बाबतीत हा फरक आपोआपच पडे. कारण संस्कारणानंतर ती आकुंचन पावत असे. पुढे फारशी न आकुंचणारी फिल्म आल्यावर प्रतींमध्ये चित्र घसरल्यासारखे अस्पष्ट दिसू लागे. तेव्हा निगेटिव्हवरील अंतर हेतुतः कमी ठेवण्यात आले. सुधारित फिल्ममुळे दोष का उत्पन्न व्हावा, याचे उत्तर एकट्या प्रयोगशाळेत मिळणे कठीण होते. फिल्मचा उत्पादक, यंत्राचा उत्पादक व प्रती काढणारा तंत्रज्ञ एकत्र आल्यावरच ते मिळणे शक्य होते.

प्रात्यक्षिक व मापन हेही सभेचे महत्त्वाचे अंग आहे. उदा., चित्रपटगृहातील पडद्याच्या तेजस्वितेसाठी एसएमपीटीईने मूल्ये ठरविली आहेत. प्रक्षेपकात फिल्म नसताना पडद्याच्या मध्यभागी १६ फूट-लँबर्ट, म्हणजे दर चौ. मी.ला सु. ५५ कँडेला तेजस्विता असावी, असा फिल्मसाठी संकेत आहे. अंकीय चित्रपटासाठी हे मूल्य दर चौ. मी.ला ४८ कँडेला आहे. दिव्याचा खर्च वाचविण्यासाठी वा दुर्लक्षामुळे तेजस्विता कमी ठेवली, तर छायाचित्रकाराने जाणीवपूर्वक साधलेल्या छायाप्रकाशाच्या सूक्ष्म छटा काळोखात बुडून जातात आणि प्रेक्षकाला त्याचे कारण कधीच कळत नाही. स्थानिक सभेत मापकाच्या साहाय्याने असे मोजमाप सर्वांसमक्ष केले जाते, तेव्हा कागदावरील अंक आणि डोळ्यांना दिसणारे चित्र यांचा संबंध स्पष्ट होतो.

मानकांशी संबंध : मानके तयार करण्याचा अधिकार स्थानिक विभागास नसतो. ते काम संस्थेच्या तंत्रविषयक समित्या करतात. त्यांत उत्पादक, प्रसारक, चित्रपटनिर्मिती संस्था व स्वतंत्र तज्ञ यांचा सहभाग असतो. मसुद्यावर आलेल्या प्रत्येक आक्षेपाचा विचार करून शक्यतो एकमताने निर्णय घेतला जातो आणि मान्य मानकाचे काही वर्षांनी पुनर्विलोकन होते. तथापि समितीपुढे येणारे प्रश्न पुष्कळदा स्थानिक अनुभवातूनच उद्भवतात आणि समितीने दिलेली उत्तरे पुन्हा स्थानिक तंत्रज्ञांनाच अमलात आणावयाची असतात.

टाइम कोड या नावाने ओळखले जाणारे कालदर्शक क्रमांक हे या देवघेवीचे बोधप्रद उदाहरण आहे. चित्रफितीवरील प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद व चौकट दर्शविणारा आठ अंकी क्रमांक दिल्यास संपादन अचूक होते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निरनिराळ्या उत्पादकांनी अशा क्रमांकांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती काढल्या. १९७० नंतरच्या दशकात एसएमपीटीईने त्यांच्या जागी एकच पद्धत मान्य केली. तीत एक अडचण होती. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत स्वीकारताना ध्वनिवाहक व रंगवाहक तरंगांच्या परस्परक्रियेने चित्रात येणारा व्यत्यय टाळण्यासाठी चौकटींचा वेग दर सेकंदास ३० ऐवजी सु. २९.९७ करण्यात आला होता. ३० च्या हिशोबाने तासाला १,०८,००० क्रमांक होतात; प्रत्यक्षात तासाभरात १,०७,८९२ चौकटीच दाखविल्या जातात. या १०८ चौकटींच्या फरकामुळे क्रमांक दाखवीत असलेला एक तास खऱ्या घड्याळाच्या ३.६ सेकंद मागे पडतो. प्रसारणात जाहिराती व कार्यक्रम सेकंदाच्या हिशोबाने बसविलेले असल्याने हा फरक क्षुल्लक नाही. यावर उपाय म्हणून दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळले जातात. मात्र दर दहाव्या मिनिटास ते गाळले जात नाहीत. अशा रीतीने तासातील ५४ मिनिटांत प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण १०८ क्रमांक वगळले जाऊन हिशोब जुळतो. येथे क्रमांक गाळले जातात, चित्राची चौकट गाळली जात नाही. नवागत तंत्रज्ञांची याबाबत नेहमी गल्लत होते आणि ती दूर करणारी व्याख्याने मानकाच्या मान्यतेनंतर अनेक दशकांनीही स्थानिक सभांतून द्यावी लागतात.

भारतात दूरचित्रवाणीचा वेग दर सेकंदास पूर्ण २५ चौकटी असल्याने ही अडचण येत नाही; तिच्याऐवजी दुसरी येते. २४ चौकटींच्या वेगाने चित्रित केलेला चित्रपट येथे परंपरेने २५ च्या वेगाने दाखविला जाई. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि दुरुस्ती न केल्यास गाण्यांचे स्वर किंचित चढत. परदेशी प्रसारकांसाठी काम करणाऱ्या मुंबईतील स्टुडिओंना या दोन्ही हिशोबांची जाण ठेवावी लागते.

दोन भिन्न पद्धतींत समान माप शोधल्याचे उदाहरण म्हणजे अंकीय दूरचित्रवाणीसाठी मान्य झालेली १३.५ मेगाहर्ट्‌झ ही नमुनाकंप्रता होय. अमेरिका व जपान येथे चित्रात ५२५ रेषा, तर यूरोप व भारत येथे ६२५ रेषा असत. १३.५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेने नमुने घेतल्यास पहिल्या पद्धतीत प्रत्येक रेषेत ८५८ व दुसऱ्या पद्धतीत ८६४ नमुने पडतात. म्हणजे दोन्हींत पूर्णांक येतो. शिवाय रेषेच्या दृश्य भागातील ७२० नमुने दोन्हीकडे समान ठेवता येतात. हे मूल्य मान्य होण्यापूर्वी एसएमपीटीई व यूरोपीय प्रसारण संघ यांच्या तज्ञांत दीर्घ चर्चा झाल्या आणि १९८१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे तुलनात्मक प्रात्यक्षिके दाखविण्यात आली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय नभोवाणी सल्लागार समितीने त्यास मान्यता दिली. प्रस्तावित अंक अनेकांनी एकाच पडद्यावर, एकाच वेळी पाहून पारखणे ही रीत मोठ्या परिषदेत व लहान सभेत सारखीच आहे.

इतर संस्था : ग्रेट ब्रिटनमध्ये १९२७ साली ‘टेलिव्हिजन सोसायटी’ स्थापन झाली. १९६६ पासून ती ‘रॉयल टेलिव्हिजन सोसायटी’ या नावाने ओळखली जाते आणि तिची प्रादेशिक केंद्रे व्याख्याने भरवितात. ध्वनिविषयक अभियंत्यांची ‘ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटी’ १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे निघाली. तिचेही अनेक देशांत स्थानिक विभाग आहेत.

अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ब्रॉडकास्ट एंजिनिअर्स’ (१९६४) या संस्थेचा उदय विशेष उल्लेखनीय आहे. १९६३ मध्ये विद्युत् व रेडिओ अभियंत्यांच्या दोन जुन्या संस्थांचे एकत्रीकरण होऊन एक विशाल संस्था अस्तित्वात आली. तीत आपल्या दैनंदिन प्रश्नांना स्थान उरणार नाही, अशी भावना प्रसारण केंद्रांवर काम करणाऱ्या अभियंत्यांत निर्माण झाली. जॉन बॅटिसन यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतंत्र संस्था काढली. तिची पहिली शाखा महानगरात नव्हे, तर न्यूयॉर्क राज्यातील बिंगमटन या लहान शहरी सुरू झाली. लहान गावच्या केंद्रावर पुष्कळदा एकच अभियंता असतो. प्रेषक यंत्र मध्यरात्री बंद पडल्यास सल्ला विचारण्यास जवळ कोणी नसते. शेजारच्या, एरवी प्रतिस्पर्धी असलेल्या केंद्रावरील अभियंत्याची ओळख शाखेच्या सभेत झालेली असली, तर सुटा भाग उसना मिळतो आणि प्रसारण पुन्हा सुरू होते. या संस्थेच्या स्थानिक शाखांतील स्वयंसेवक आपल्या भागात बाह्यचित्रणासाठी लागणाऱ्या रेडिओ कंप्रतांचे परस्परसंमतीने वाटपही करतात. एकाच घटनेच्या वृत्तांकनासाठी जमलेल्या केंद्रांनी एकच कंप्रता वापरली, तर कोणाचाच संदेश पोहोचत नाही. म्हणून हे काम प्रत्येकाच्या हिताचे असते.

भारतातील स्थिती : भारतात चित्रपट व प्रसारण यांचा विकास दीर्घकाळ दोन भिन्न वाटांनी झाला. चित्रपट उद्योग खाजगी असून मुंबई, मद्रास (चेन्नई), कलकत्ता (कोलकाता) इ. शहरांत वाढला; तर नभोवाणी व १९५९ पासूनची दूरचित्रवाणी शासनाकडे होती. मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चित्रपटांतील तंत्रज्ञ उस्तादाच्या हाताखाली काम करून शिकत, तर शासकीय अभियंत्यांना खात्यांतर्गत प्रशिक्षण मिळे. दोहोंना जोडणारी एक संस्था म्हणजे पुणे येथील फिल्म इन्स्टिट्यूट (१९६०) होय. तेथे १९७४ मध्ये दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभागही आला आणि संस्थेत चलच्चित्रण, ध्वनिमुद्रण व दूरचित्रवाणी अभियांत्रिकी या विषयांचे शिक्षण एकत्र मिळू लागले.

व्यावसायिक सभांच्या दृष्टीने ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन एंजिनिअर्स’ (१९५३) या संस्थेची मुंबई, पुणे, नागपूर इ. ठिकाणची केंद्रे महत्त्वाची आहेत. तथापि त्यांचे क्षेत्र संदेशवहनापासून संगणकापर्यंत विस्तृत आहे. केवळ प्रसारणास वाहिलेली ‘ब्रॉडकास्ट एंजिनिअरिंग सोसायटी’ नवी दिल्ली येथे १९८७ मध्ये स्थापन झाली. आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या अभियंत्यांचा तिच्यात मोठा सहभाग राहिला असून प्रमुख शहरांत तिच्या शाखा आहेत. १९९२ च्या सुमारास खाजगी उपग्रह वाहिन्या सुरू झाल्यावर शासकीय सेवेबाहेरील अभियंत्यांची संख्या वाढली. मुंबईत १९९० नंतरच्या दशकापासून भरत आलेले ‘ब्रॉडकास्ट इंडिया’ हे प्रदर्शन व त्यासोबतची व्याख्याने यांमुळे त्यांना एकत्र येण्यास स्थान मिळाले. एसएमपीटीईचा व ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीचा विभाग भारतातही आहे.

मानकांविषयी एकत्र विचार करण्याची गरज भारतात अंकीय चित्रपटाच्या आगमनाच्या वेळी ठळकपणे दिसून आली. हॉलिवुडमधील प्रमुख कंपन्यांनी २००२ मध्ये एकत्र येऊन २००५ मध्ये अंकीय चित्रपटाची विनिर्देशने प्रसिद्ध केली आणि त्यांवर आधारित मानके एसएमपीटीईने तयार केली. त्याच सुमारास भारतात उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रपटगृहात पाठविणारी, कमी खर्चाची वेगळी पद्धत पसरली. लहान गावातील चित्रपटगृहात नवा चित्रपट पहिल्याच दिवशी पोहोचला, हा तिचा मोठा लाभ होता. पूर्वी फिल्मच्या प्रती महाग असल्याने त्या गावी जीर्ण झाल्यावरच येत. मात्र ही पद्धत आंतरराष्ट्रीय विनिर्देशनांनुसार नसल्याने काही वर्षे देशात दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदल्या आणि एकाच चित्रपटाचे रंग व तेज दोन चित्रपटगृहांत वेगवेगळे दिसू लागले. यांपैकी कोणती निवड योग्य, हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. त्यात किंमत, अंतर व प्रेक्षकवर्ग यांचाही विचार होता. असे प्रश्न निर्माते, चित्रपटगृहांचे मालक व अभियंते यांच्या समोरासमोरच्या चर्चेनेच उलगडतात.

दुसरा प्रश्न जुन्या ज्ञानाच्या जपणुकीचा आहे. २०१० नंतरच्या दशकात फिल्मवर प्रती काढणे जवळजवळ थांबले आणि फिल्म प्रयोगशाळा बंद पडल्या. चित्रफितींचीही तीच गत झाली. १९५६ मध्ये प्रचारात आलेली दोन इंची फीत, नंतरच्या यू-मॅटिक, बीटाकॅम इ. फिती वाचणारी यंत्रे आता तयार होत नाहीत. फीत सुस्थितीत असूनही यंत्र वा ते दुरुस्त करणारा माणूस नसेल, तर तिच्यावरील चित्र नाहीसे झाल्यासारखेच असते. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या (स्थापना १९६४, २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात समाविष्ट) संस्थांना जुन्या फिल्मचे संस्कारण, आकुंचन व रंगबदल यांची जाण असलेल्या तंत्रज्ञांची गरज भासते, परंतु ते ज्ञान ज्यांच्या हातात होते, ती पिढी निवृत्त झाली आहे. मुंबई येथील ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ (२०१४) या संस्थेने २०१५ पासून भरविलेल्या परिरक्षण कार्यशाळांत जुने व नवे तंत्रज्ञ एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. यांतील २०१६ ची कार्यशाळा पुणे येथील संग्रहालयात झाली.

मर्यादा व महत्त्व : स्थानिक सभांना काही मर्यादा आहेत. सभेचा खर्च अनेकदा उपकरणे विकणाऱ्या कंपन्या उचलतात. त्यामुळे व्याख्यानाची जागा जाहिरात घेण्याचा धोका असतो. सक्षम विभाग व्याख्यात्यास उत्पादनाऐवजी तत्त्वावर बोलण्याचे बंधन घालतात आणि प्रतिस्पर्धी उत्पादकासही तीच संधी देतात. काम स्वयंसेवी असल्याने दोन-तीन उत्साही व्यक्ती दूर झाल्या की विभाग निष्क्रिय होतो. रात्रपाळीवरील तंत्रज्ञ, लहान गावांतील प्रक्षेपक चालविणारे व हंगामी कामगार यांच्यापर्यंत या सभा क्वचितच पोहोचतात. वस्तुतः मानक प्रत्यक्षात वापरणारे तेच असतात.

कोविड–१९ च्या साथीमुळे २०२० मध्ये सभा आंतरजालाद्वारे होऊ लागल्या. दूरच्या सभासदांना त्यांत भाग घेता आला, हा लाभ झाला. परंतु यंत्राची पाहणी, मापन व सभेनंतरचे मोकळे बोलणे यांची जागा पडद्यावरील व्याख्यान घेऊ शकत नाही, असे दिसून आले. त्यानंतर अनेक विभागांनी दोन्ही पद्धतींचा मेळ घालणे पसंत केले.

तंत्रविद्येच्या सध्याच्या वळणामुळे अशा सभांची गरज कमी झालेली नाही. पूर्वी दूरचित्रवाणी केंद्रातील चित्रसंकेत एका केबलीतून एकाच दिशेने जात असे. उच्च विभेदनाचा संकेत सेकंदाला सु. १४८.५ कोटी अंशांच्या वेगाने वाहून नेणारी केबल हातात धरून दाखविता येत असे. २०१७ मध्ये एसएमपीटीईने प्रसिद्ध केलेल्या २११० क्रमांकाच्या मानकमालेनुसार चित्र, ध्वनी व पूरक माहिती संगणकीय जालातून स्वतंत्र प्रवाहांच्या रूपाने जातात आणि अचूक कालमापनाच्या आधारे अखेरीस पुन्हा जुळविल्या जातात. यात जुन्या प्रसारण अभियंत्याला संगणकीय जाल, तर जालतज्ञाला चित्राचे काटेकोर कालबंधन नव्याने शिकावे लागते. मूकपटाच्या तंत्रज्ञांनी १९३० च्या सुमारास विद्युत् तंत्रज्ञांकडून ध्वनीचे शास्त्र शिकून घेतले, तेव्हाची परिस्थिती अशीच होती. दोन भिन्न विद्यांच्या जाणकारांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत व त्यांची उत्तरे प्रत्यक्ष यंत्रावर पडताळून पाहावीत, हेच स्थानिक सभेचे मूळ कार्य होय.